जखमी घुबड हाती घेण्याआधी त्याचं पीस समजून घ्या

तिन्हीसांजेला मोकळ्या रानाच्या कडेला उभं असताना डोक्यावरून घुबड गेलं, तर ते आधी कानाला कळत नाही, गालाला कळतं. हवेची बारीकशी झुळूक लागते आणि मान वर करेपर्यंत फिकट पोट पुढे निघून गेलेलं असतं. कबुतर उडालं की त्याची फडफड लांबून ऐकू येते. गव्हाणी घुबडाचं वजन साधारण कबुतराएवढंच असतं, पंखही जास्त लांब, तरी ते हातभरावरून गेलं तरी आवाज नाही.

ही शांतता पिसांच्या कडांवर असते. त्या कडा केसाहून नाजूक असतात. जखमी घुबडाला वाचवायला धावलेल्या माणसांच्या हातून नेमकं या कडांचंच नुकसान होतं, आणि बहुतेकदा ते त्या माणसांच्या लक्षातही येत नाही. तारेच्या पिंजऱ्यात ठेवलेलं, साबणाने धुतलेलं, पंखांना चिकटपट्टी लावलेलं घुबड हाड जुळून बरं होतं, पण शिकारीला निरुपयोगी होऊन बसतं. म्हणून आधी पिसाबद्दल सांगतो आणि मग प्रथमोपचाराकडे येतो. पीस समजलं की पुढच्या निम्म्या सूचना आपोआप पटतात. घुबड आत्ता समोर पडलेलं असेल, तर मात्र थेट ‘खरंच जखमी आहे का?’ इथपासून वाचा.

आवाज कुठून येतो आणि कुठे जिरतो

पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभागाला लागून घुसळते. ही घुसळण पंखाच्या मागच्या कडेवरून सुटताना आवाज होतो. कड जितकी धारदार आणि सरळ, तितका आवाज मोठा. पिसावर पीस घासल्याचा आवाज वेगळा. बहुतेक पक्ष्यांची जी फडफड आपण ऐकतो, ती या दोन्हींची मिळून असते.

घुबड पहिली बचत वेगात करतं. शरीराच्या वजनाच्या मानाने त्याचे पंख फार मोठे असतात, त्यामुळे ते अगदी सावकाश उडूनही हवेत राहू शकतं. कडेवर निर्माण होणारा आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतो. म्हणजे वेग निम्मा केला, तर त्या आवाजाची शक्ती जवळपास ३२ पटींनी उतरते. नुसतं हळू उडण्यात एवढी कमाई आहे.

उरलेलं काम पीस करतं. आर. आर. ग्रॅहम या ब्रिटिश हवाई दलातल्या अधिकाऱ्यांनी १९३४ साली रॉयल एरोनॉटिकल सोसायटीच्या नियतकालिकात घुबडाच्या पिसाच्या तीन खुब्या मांडल्या. विमानांचा आवाज कमी करता येईल का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आजही या विषयाची सुरुवात त्या तिघींपासूनच होते.

पहिली खुबी पंखाच्या पुढच्या कडेला असते. सर्वांत बाहेरच्या उड्डाणपिसाच्या कडेवर कंगव्याच्या दातांसारखे बारीक, किंचित वळलेले तंतू ओळीने उभे असतात. समोरून येणारी हवा त्यांतून गाळल्यासारखी विभागली जाते आणि पंखाला नीट धरून वाहते. घुबडाचं गळून पडलेलं पीस सापडलं, तर ही कड उजेडाकडे धरून बघा. दात डोळ्यांनी दिसतात. (पीस बघून तिथेच ठेवा. बऱ्याच देशांत वन्य पक्ष्यांची पिसं बाळगायलाही मनाई असते.)

दुसरी मागच्या कडेला. तिथे पीस सरळ कापल्यासारखं संपत नाही, सुट्या तंतूंची विरविरीत झालर होऊन संपतं. धारदार कडच उरत नाही, म्हणून हवा सुटतानाचा आवाज विरून जातो. ही झालर एका पिसाचा दुसऱ्याशी होणारा खरखराटही कमी करते.

तिसरी मला सगळ्यांत विलक्षण वाटते. पिसाच्या वरच्या बाजूवर मखमल असते. पिसाच्या तंतूंना फुटलेले सूक्ष्म उपतंतू इतर पक्ष्यांमध्ये एकमेकांत अडकण्यापुरतेच असतात. घुबडात ते लांब वाढून वर येतात आणि मऊ लव तयार होते. पंख मिटताना, उघडताना पिसं एकमेकांवरून घसरतात ती या लवेवरून, म्हणून सरसर ऐकू येत नाही.

या सगळ्याचा मोठा परिणाम २ किलोहर्ट्झच्या वरच्या सुरांवर होतो, आणि उंदरांचे कान तीक्ष्ण असतात ते त्याच पट्ट्यात. सावज सावध होऊ नये हा एक फायदा. दुसरा तितकाच मोठा आहे. घुबडालाही उडता उडता सावजाची चाहूल ऐकायची असते. गव्हाणी घुबडाचा डावा कान उजव्यापेक्षा वर असतो, त्यामुळे आवाज आडव्या रेषेत कुठे आहे आणि किती खाली आहे, दोन्ही त्याला कळतं. रॉजर पेन या जीवशास्त्रज्ञांनी पूर्ण अंधार केलेल्या खोलीत पाचोळा पसरून हे तपासलं. घुबडाने अंधारात उंदीर तर पकडलाच, पण दोऱ्याने पाचोळ्यातून ओढलेल्या कागदाच्या बोळ्यावरही अचूक झडप घातली. कागदाला ना वास होता, ना ऊब. होती ती फक्त खसखस. स्वतःच्याच पंखांचा गोंगाट कानात भरलेल्या पक्ष्याला हे जमलं नसतं.

मासे धरणाऱ्या घुबडांकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. हुमा घुबडाच्या जातकुळीत कंगवा आणि झालर फारशी उरलेली नाही आणि त्यांचं उडणं ऐकू येतं. पाण्याखालच्या माशाला हवेतली फडफड ऐकू जात नाही, मग शांततेची गरज काय?

या मखमलीची किंमतही मोजावी लागते. असं सैल, लवदार पीस पाणी चटकन पितं. सततच्या पावसात गव्हाणी घुबडाला शिकार जमत नाही आणि ते उपाशी राहतं. भिजलेलं, अशक्त, जमिनीवर बसलेलं घुबड पावसाळी दिवसांत सापडतं त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं, कुठली जखम नसते.

खरंच जखमी आहे का?

घाईने उचलू नका. दहा पावलं मागे थांबून पाच मिनिटं बघा.

दिवसा फांदीवर डोळे मिटून बसलेलं घुबड झोपलेलं असतं. मान पूर्ण पाठीकडे वळलेली दिसली तरी घाबरू नका. त्याच्या मानेत १४ मणके असतात आणि डोकं २७० अंशांपर्यंत फिरतं. मान सतत एकाच बाजूला कललेली राहत असेल, तोल जात असेल किंवा ते गोल गोल फिरत असेल, तर डोक्याला मार असण्याची शक्यता मोठी.

मदत लागेल अशी चिन्हं: जमिनीवर आहे आणि माणूस जवळ आला तरी उडत नाही, एक पंख दुसऱ्यापेक्षा खाली लोंबतोय, रक्त, उघडं हाड, किंवा अंगावर घोंगावणाऱ्या माश्या, एक बाहुली मोठी आणि एक लहान, तोंड उघडं ठेवून श्वास. मांजराने तोंडात धरलं असेल, तर जखम दिसो वा न दिसो, ते जखमीच समजा. मांजराच्या दातांतल्या जंतूंनी पक्षी एक-दोन दिवसांत दगावू शकतो आणि त्याला प्रतिजैविक लवकर मिळावं लागतं.

पिल्लांच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात. कित्येक जातींची पिल्लं नीट उडता येण्याच्या आधीच घरट्याबाहेर पडतात, फांद्यांवर हिंडतात आणि मधूनच खाली येतात. चोच आणि नख्या रोवत ती खोड चढून परत वर जातात. अंगावर अजून लव आहे, पण डोळे टक्क उघडे, पाय भक्कम, जवळ गेलं की फुगून चोच कटकट वाजवतंय, असं पिल्लू धडधाकट असतं. त्याला जवळच्या झाडाच्या फांदीवर ठेवा आणि निघून जा. माणसाचा हात लागला की आईबाप टाकतात, हा समज खोटा आहे.

गव्हाणी घुबड याला अपवाद. त्याचं पिल्लू घरट्यातून खाली पडलं, तर आईबाप सहसा त्याला जमिनीवर भरवत नाहीत. पिल्लू धड असेल आणि घरटं दिसत असेल, तर ते घरट्यातच परत ठेवावं लागतं. तिथवर हात पोहोचत नसेल, तर उपचार केंद्राला विचारा. आणि कुठल्याही जातीचं पिल्लू गार पडलेलं, जखमी किंवा डोळे मिटलेलं असेल, तर त्याला माणसाची मदत हवीच.

उचलण्याआधी खोका

आधी फोन करा. जवळचं वन्यजीव उपचार केंद्र, वन खातं, किंवा पक्ष्यांवर उपचार करणारे पशुवैद्य. फोटो काढून पाठवला तर ते पुष्कळदा जागेवरच सांगतात की उचलावं की राहू द्यावं.

मग खोका तयार करा. पक्षी हातात आल्यावर शोधाशोध करू नये. पुठ्ठ्याचा, झाकणाचा, पक्षी अंग चोरून बसेल त्याहून थोडाच मोठा. पिंगळ्यासारख्या लहान घुबडाला बुटांचा खोका पुरतो. फार मोठ्या खोक्यात ते पंख झापडत राहतं. हवेची भोकं पक्षी आत घालण्याआधी पाडा आणि आतून बाहेर पाडा, म्हणजे धारदार कडा आत येत नाहीत. तळाला जुना सुती सदरा किंवा चादरीचा तुकडा घाला. आंघोळीच्या टॉवेलच्या विणीत नख्या अडकतात.

तारेचा पिंजरा अजिबात नको. घाबरलेलं घुबड तारांवर पुन्हा पुन्हा आपटतं आणि पंखांच्या कडा, ज्यांच्याबद्दल एवढं सांगितलं त्याच, तारांवर घासून तुटतात. तुटलेलं पीस वाढत नाही. ते गळून नवं येईपर्यंत तसंच राहतं, आणि मोठ्या घुबडांना सगळी उड्डाणपिसं बदलायला एकाहून जास्त वर्षं लागतात. पिंजऱ्यातली एक रात्र त्याला फार महागात पडते.

पकडताना

घुबडाच्या चोचीपेक्षा नख्या धोक्याच्या. पाय वळला की पंजा आपोआप आवळला जातो आणि आतल्या शिरा (रक्तवाहिन्या नव्हे, स्नायूंच्या दोऱ्या) दातेरी पट्ट्यासारख्या जागी अडकतात, त्यामुळे जोर न लावताही पकड सुटत नाही. जाड चामड्याचे हातमोजे घाला. मोठं शृंगी घुबड असेल, तर सराव नसलेल्याने एकट्याने हात घालू नये. वरून मोठी टोपली पालथी घाला, कापडाने झाका आणि जाणकार येईपर्यंत राखण करा.

जवळ जाताना वाकून, मागच्या बाजूने, न बोलता जा. ते अंग फुगवेल, पंख पसरेल, फिसकारेल, उताणं पडून पाय पुढे करेल. त्याच्या दृष्टीने तुम्ही शिकारीच आहात. जाडसर कापड डोक्यासकट पूर्ण अंगावर टाका. डोळ्यांपुढे अंधार झाला की बहुतेक घुबडं लगेच शांत होतात. कापडावरूनच दोन्ही पंख हलकेच अंगाशी मिटवा. मोडलेला पंख वाटेल तसा ओढू नका, जितका मिटेल तितकाच मिटू द्या. मग दोन्ही पाय पंजांच्या वरून धरा आणि पाठ आपल्या पोटाकडे ठेवून उचला.

छाती कधीही दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड पुढेमागे हललं तरच श्वास चालतो. घट्ट धरलेला पक्षी हातातच गुदमरून मरतो, आणि धरणाऱ्याला वाटतं की तो निवांत झाला.

नख्या हातात रुतल्याच, तर हिसका देऊ नका, पकड आणखी घट्ट होते. कोणाला तरी सांगून घुबडाचा पाय सावकाश सरळ ताणून घ्या. पाय सरळ झाला की शिरा ढिल्या पडतात आणि पंजा उघडतो. जखम साबणपाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

खोक्यात पोटावर, उभट ठेवा. उभं राहता येत नसेल, तर कापडाची चुंबळ करून तिच्यात बसवा, म्हणजे छातीला आधार मिळतो. उताणं ठेवू नका. झाकण लावा, चिकटपट्टीने बंद करा आणि अंधाऱ्या, शांत, उबदार खोलीत ठेवा. गार पडलं असेल, तर कोमट पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून अर्ध्याच खोक्याखाली ठेवा, म्हणजे नको झालं तर ते दुसऱ्या बाजूला सरकेल.

आता उघडून बघू नका. दर दहा मिनिटांनी झाकण उचलणं, घरच्यांना दाखवणं, सेल्फी काढणं, या प्रत्येक वेळी त्याचं हृदय धाडधाड उडतं. जंगली पक्षी ताणाने मरतात, अगदी जखम किरकोळ असली तरी.

पाणी नाही, खाणंही नाही

हे सांगितलं की माणसं दुखावतात, कारण तहानलेल्या जीवाला पाणी देणं आपल्याला साहजिक वाटतं. पण पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. चोचीत ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. दूध, भात, पाव यांचं त्याच्या पोटात काही होत नाही. घुबडाला अन्न साठवणारी गळ्यातली पिशवीही नसते, गिळलेलं थेट जठरात जातं. उपाशी, कोरड्या पडलेल्या पक्ष्याला एकदम मांस दिलं तर ते पचत नाही आणि तो त्यानेच दगावतो. त्याला आधी द्रव लागतो, तोही मोजून, नळीने किंवा सुईने, आणि ते काम डॉक्टरांचं. एखाददुसऱ्या दिवसाचा उपास सशक्त घुबड सहज सोसतं.

प्रवास अनेक दिवस शक्यच नसेल, तर फोनवर डॉक्टर सांगतील तेवढंच द्या. शिकार म्हणजे हाडं-केसांसकट अख्खं सावज, एवढं लक्षात ठेवा. नुसत्या मांसाच्या फोडींवर वाढवलेल्या पिल्लांची हाडं कॅल्शियमअभावी वाकतात.

काही खास प्रसंग

काटेरी तारेत अडकलेलं घुबड ओढून सोडवू नका. आधी डोळे झाका, अंगाला आधार द्या आणि पक्कडीने तार दोन्ही बाजूंनी कापा. रुतलेला तुकडा तसाच राहू देऊन पक्षी पोहोचवा. मांजा, मासेमारीचा दोर किंवा जाळी असेल तर तेच: लोंबती टोकं कापायची, मांसात गेलेला धागा उपसायचा नाही. त्याने शिरा आणि पंखावरची कातडी फाटते.

उंदीर पकडायच्या चिकट सापळ्यावर घुबड सापडलं, तर उघड्या गोंदावर कागद किंवा पीठ पसरा, म्हणजे उरलेलं अंग चिकटणार नाही. सापळ्यासकट न्या. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनी कातडी जळते आणि पिसाची मखमल कायमची जाते. सोडवणं-धुणं डॉक्टर भूल देऊन, टप्प्याटप्प्याने करतात.

गाडीची किंवा काचेची धडक बसलेलं घुबड तासाभरात सावरल्यासारखं दिसतं आणि लोक त्याला उडवून देतात. तसं करू नका. घुबडाचे डोळे नळीसारखे लांबट असून हाडाच्या कड्यात घट्ट बसलेले असतात. मार मागच्या पडद्याला लागतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. खांद्याजवळचं एक हाड मोडलं तरी पंख मिटलेला, सरळ दिसतो, फक्त उंची घेता येत नाही. अशा मोडीला बहुधा शस्त्रक्रियाही लागत नाही, लागते ती अरुंद जागेतली काही आठवड्यांची विश्रांती. सोडून दिलं की तेच हातचं जातं.

अंगावर काहीच नाही, पण घुबड पेंगतंय, तोंडाचा आतला भाग पांढराफटक आहे, किंवा ओरखड्यातून रक्त थांबत नाही, तर विषबाधेची शंका घ्या. ब्रोमाडायोलोन, ब्रोडिफॅकोम यांसारखी उंदरांची विषं रक्त गोठू देत नाहीत. ती खाल्लेले सुस्त उंदीर घुबडाला आयते मिळतात आणि विष त्याच्या यकृतात साठत जातं. उतारा आहे, जीवनसत्त्व के-१, पण तो आठवडेन् आठवडे द्यावा लागतो. आसपास असं औषध टाकलेलं असेल, तर डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा.

रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाने काही मिनिटं हलका दाब द्या. हळद, मलम, तेल, पावडर काहीही नको. तेल लागलेलं पीस उडायला आणि ऊब धरायला दोन्हीला निकामी होतं. पंख बांधायचा मोहही आवरा. खोक्यातला अंधारच त्याला हालचालीपासून रोखतो.

एकाच जागी बरेच पक्षी मेलेले किंवा मान वाकडी करून थरथरणारे दिसले, तर हात लावू नका, आधी अधिकाऱ्यांना कळवा. बर्ड फ्लूची शक्यता असते.

पोहोचवताना आणि नंतर

गाडीत खोका सरकणार नाही असा बसवा, रेडिओ बंद, बोलणं कमी. खोक्यावर तारीख, वेळ, नेमकी जागा आणि कशात अडकलं होतं ते लिहा. जागा फार महत्त्वाची, कारण बऱ्या झालेल्या प्रौढ घुबडाला शक्य तोवर तिथेच सोडतात. तिथले बसायचे खांब, शिकारीचं रान, जोडीदार, सगळं त्याला माहीत असतं.

अनोळखी माणूस ‘मी बघतो’ म्हणून न्यायला आला तर देऊ नका. घुबडांची चोरटी विक्री होते. त्याच कारणासाठी जागेचा पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नका. घरी पाळायचा विचारही नको. बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे, आणि माणसाच्या हातून वाढलेलं पिल्लू माणसालाच आपली जात समजू लागतं. त्याला पुढे रानात सोडता येत नाही.

केंद्रात हाड जुळलं की काम संपत नाही. लांबच लांब जाळीदार खोलीत घुबडाला उडवून बघतात: उंची घेतं का, वळतं का, दमतं का. आणि आवाज येतो का. झालर झिजली असेल, तर सरसर ऐकू येते, आणि असं घुबड मोकळं सुटलं तर सावज आधीच पळतं. मोडलेल्या पिसाच्या उरलेल्या दांड्यात, गळालेलं धड पीस बारीक काडीने जोडण्याची जुनी युक्ती आहे. ससाणे पाळणाऱ्यांकडून ती डॉक्टरांकडे आली. पीस त्याच जातीचं, त्याच जागेचं आणि त्याच बाजूचं असावं लागतं. जमलं तर घुबड महिनोन् महिने आधी घरी जातं.

सोडतात ते कोरड्या संध्याकाळी, पुढचे काही दिवस पावसाचं चिन्ह नसताना. खोका रस्त्याकडे पाठ करून जमिनीवर ठेवायचा, झाकण उघडायचं आणि मागे सरकून उभं राहायचं. काही घुबडं क्षणात जातात. काही काठावर येऊन बसतात, डोकं इकडेतिकडे झुलवत अंतर मोजतात, आणि अर्धा तासही घेतात. हुसकावू नका. जातील तेव्हा कान देऊन उभे राहा, काही ऐकू यायला नको.